रंधा मारताना फळी पळते, होल्डफास्ट सुटतो, शूटिंग बोर्ड काटकोन देत नाही: आधी काय तपासायचं

हँड टूल्सवर काम सुरू केलेल्या जवळपास प्रत्येकाची रड एकच, लाकूड जागेवर राहत नाही. मग दोन जी-क्लॅम्पचे चार होतात, चाराचे सहा, वाइस (बेंचला बसवलेला शिकंजा) असा पिळला जातो की फळीवर जबड्याचे वण उठतात, आणि तरी रंधा मारला की फळी पळतेच, वर ते सगळे क्लॅम्प नेमके रंध्याच्या वाटेत. माझं म्हणणं असं की आवळणं वाढवायच्या आधी जोर कुठून येतोय आणि कुठे जातोय ते बघा. रंधा पुढे ढकलतो, पुल सॉ (ओढताना कापणारी करवत) मागे ओढते, पटाशी मोगरीच्या फटक्याने खाली दाबते. जोर जिकडे जातो तिकडे काहीतरी ठोस आडवं असलं की आवळायची गरज बऱ्याचदा उरतच नाही. गावातला सुतार जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्याने फळी धरतो आणि पुढचं टोक कशाला तरी टेकवतो, आणि काम आपल्यापेक्षा चांगलं करतो.

तर पहिलं काम, पेन्सिल घ्या. फळी बेंचवर ठेवली की तिच्या चारी बाजूंनी बेंचवरच रेघ मारा, रंध्याचे चार-पाच हात मारा आणि मग फळी रेघेपासून कुठे गेली ते बघा. सरळ पुढे गेली, का एका कोपऱ्यावर फिरली, का रंधा मागे आणताना मागे आली, हे तीन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. मागे येत असेल तर जिगचा (लाकूड धरायला किंवा अडवायला आपण केलेल्या साधनाचा) दोषच नाही, परतीच्या वेळी रंधा टाच उचलून आणा, घासत आणू नका, पात्याची धारही वाचेल.

फळी हलत नाही पण बेंचच चालतो, हेही बघाच. फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइलवर बेंच असेल तर हे होणारच. खाली रबराचे तुकडे, रंधा जिकडे जातो त्या टोकाला भिंतीशी फट असेल तर फळकुट आणि पाचर, आणि खालच्या फळीवर वजन, वाळूच्या दोन पिशव्या सुद्धा चालतात. वजन वाढवलं तरी बेंच समांतरभुज चौकोनासारखा कलत असेल तर पायांचे सांधे ढिले आहेत, एक तिरकी पट्टी ठोका. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. 

फळी पुढे जाते किंवा फिरते

पुढे जात असेल तर स्टॉप, म्हणजे फळीच्या पुढचा अडसर, बुटका आहे, मऊ आहे किंवा एकाच बिंदूवर टेकतोय. एकच गोल डॉग (बेंचच्या भोकात बसणारी खुंटी) असला की फळी त्याच्याभोवती गरागरा फिरते, विशेषतः आडवा किंवा तिरका रंधा मारताना. त्याऐवजी बेंचच्या रुंदीभर एक पट्टी लावा, ६ मिमी प्लाय नाहीतर सागाची पट्टी, खाली दोन खुंट्या ज्या डॉगच्या भोकात बसतात, झालं. पट्टी फळीपेक्षा कमी जाडीची हवी हे सांगायला नको, पण दीड सुताची (सूत म्हणजे १/८ इंच) फळी पातळ करायची असते तेव्हाच आठवतं की आपली पट्टी दोन सुताची आहे, म्हणून ३ मिमीचीही एक करून ठेवा.

आडवा रंधा मारायचा तर पुढची पट्टी एकटी पुरत नाही, बाजूला पण अडवावं लागतं, आणि इथे टेल वाइस (बेंचच्या टोकाला बसवलेला वाइस) नसला तरी काही अडत नाही. १२ मिमी प्लायचा साधारण ४ इंच रुंद आणि फूट-सव्वा फूट लांब तुकडा घ्या, एका टोकाला ९० अंशाची व्ही खाच कापा. फळीचं पुढचं टोक पट्टीला टेकलेलं, आणि मागचा, तुमच्यापासून लांबचा कोपरा या खाचेत, तुकडा तिरका ठेवून वरून एक होल्डफास्ट (भोकात अडकून वरून दाबणारा लोखंडी दांडा, पुढे येईलच). फळीला स्वतःला काहीच आवळलेलं नाही, दोन टोकांत अडकलेली आहे फक्त, पण तिला ना पुढे जाता येतं ना बाजूला. एक बाजू झाली की नुसती उचला आणि उलटी ठेवा, क्लॅम्प सोडा-लावा हा प्रकार नाही. हा एक जिग करा आणि बाकीचे सावकाश करा असं मी सगळ्यांना सांगतो.

आता एक गोष्ट जी नव्वद टक्के लोक जिगच्या माथी मारतात, ती म्हणजे फळी डुगडुगणं. फळीला पीळ असेल तर ती दोनच कोपऱ्यांवर उभी असते, रंधा पुढे गेला की ती टकटक करत दुसऱ्या कोपऱ्यावर पडते आणि त्या धक्क्याने स्टॉपवरून उडी मारते. कितीही दाबा, उपयोग नाही, उलट दाबलं तर तात्पुरती सपाट होते आणि सोडली की पीळ परत. उचललेल्या कोपऱ्याखाली बारीक पाचर सरकवा, नुसती फट भरेल एवढीच, ठोकायची नाही. रंध्याचंच जाड छिलकं दुमडून घातलं तरी चालतं. खाली फ्रिजमध्ये घालतात ती रबरी जाळीची मॅट टाकायची आयडिया बरेच जण सांगतात, सँडिंगला ती मस्त आहे, रंध्याला नाही, मॅट दबते आणि पातळ फळी तिच्यावर लवते, मग रंधा मध्ये कमी आणि टोकांना जास्त घेतो.

होल्डफास्ट पकडत नाही

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. होल्डफास्ट म्हणजे भोकात तिरका अडकणारा दांडा, बस. त्यात स्क्रू नाही, स्प्रिंग नाही, वरून मोगरी मारली की मान थोडी ताणली जाते, दांडा भोकात कलतो आणि वरच्या एका काठावर आणि खालच्या समोरच्या काठावर चावतो. म्हणजे पकड दोन बिंदूंची आहे, आणि ते दोन बिंदू कुठे आहेत यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे बेंचचा टॉप बऱ्याचदा १८ मिमीच्या दोन प्लाय चिकटवून केलेला असतो, म्हणजे ३६ मिमी. हे होल्डफास्टला पातळ आहे. दोन बिंदू जवळजवळ येतात, दांडा फार कलतो, आणि महिन्या-दोन महिन्यात भोक लंबगोल होतं. यावर उपाय म्हणजे भोकाच्या खालून ३५-४० मिमी जाडीचा बाभळीचा, सागाचा, जे असेल त्या कडक लाकडाचा ठोकळा फेव्हिकॉल आणि स्क्रूने लावा आणि वरच्या भोकातूनच खालपर्यंत ड्रिल करा. ७० ते ७५ मिमी झाले की पकड एकदम बदलते, मोगरीचा आवाजच वेगळा येतो, आधी बद्द वाजत होतं ते आता टणक वाजतं. उलट कोणाला जुन्या वाड्याची तुळई मिळाली आणि टॉप ५ इंची झाला तर दांडा पुरेसा कलतच नाही आणि नुसता वर-खाली सरकतो. तिथे खालून मोठ्या बिटने भोक रुंद करून वर साधारण ३ इंच मूळ मापाचं ठेवायचं.

भोकाचं माप. ३/४ इंच म्हणजे १९ मिमी हे सर्रास चालतं आणि दांडा त्यापेक्षा एक-दीड मिमी बारीक असावा. नवीन लोकांना वाटतं घट्ट बसला तर चांगला पकडेल, तसं नाही, घट्ट बसला तर कलायला जागाच नाही. आणि भोक सरळ उभं हवं. हाताच्या ड्रिलने करणार असाल तर एका ठोकळ्यात दुकानातल्या ड्रिल प्रेसवर सरळ भोक पाडून आणा आणि तो ठोकळा गाइड म्हणून बेंचवर आवळा, किरकोळ काम आहे, भोकं आयुष्यभराची आहेत.

माप बरोबर, जाडी बरोबर, तरी सुटतोय? दांडा हातात घेऊन बघा. गुळगुळीत चकचकीत असेल तर ८० नंबरचा एमरी पेपर दांड्याभोवती गुंडाळून गोल फिरवा, म्हणजे ओरखडे आडवे पडले पाहिजेत, लांबीने पडलेले उपयोगाचे नाहीत कारण दांडा त्याच दिशेने सरकतो. तेलाचा हात लागला असेल तर थिनरने पुसा. आणि बेंचला पॉलिश किंवा वॅक्स करताना ते भोकाच्या आत गेलं असेल तर आतून काचपेपर फिरवा. बेंच चमकवायची हौस असलेल्यांच्या बेंचवर होल्डफास्ट हमखास सुटतात, हे मी बघत आलोय.

लोहाराकडून करून घेतलेला असेल तर सळईची जाडी बघा. १६ मिमीची मऊ सळई वाकवून दिलेली असते, ती मारली की मानच उघडते आणि पंजा, म्हणजे लाकडावर टेकणारा भाग, हळूहळू वर होतो, जोर लाकडापर्यंत पोचतच नाही. १८ मिमीची सळई सांगा, मानेपाशी एकदम कोपऱ्यात न वाकवता गोलाईने वाकवायला सांगा, आणि पंजाचं टोक चपटं करताना टोकच सगळ्यात आधी लाकडाला टेकेल असं. पंजा टाचेकडून टेकत असेल तर तुम्ही नुसतं वण पाडताय, पकडत नाही आहात. खाली कायम ६ मिमी प्लायचा तुकडा किंवा चप्पल शिवणाऱ्याकडून आणलेलं चामड्याचं कातरण. सोडवताना दांड्याच्या पाठीवर मागून एक टोला, वरून पंज्यावर उलटं मारू नका.

बेंच हुक हलतो, काप तिरका जातो

बेंच हुक म्हणजे करवतीने कापताना लाकूड अडवणारी एक फळी, वर मागच्या बाजूला आडवी पट्टी, खाली पुढच्या बाजूला बेंचच्या कडेला अडकणारी पट्टी. आपल्या हार्डवेअर दुकानातली करवत पुढे ढकलताना कापते, म्हणून हुक कडेला घट्ट दाबला जातो आणि लाकूड वरच्या पट्टीवर. आता हल्ली बरेच जण ऑनलाइन जपानी पुल सॉ मागवतात, ती ओढताना कापते, आणि हाच हुक वापरतात. मग प्रत्येक ओढीला लाकूड आपल्या अंगावर येतं आणि हुक मागे सरकतो, आणि माणूस म्हणतो हुक बेकार आहे. हुक बरोबर आहे, दिशा उलटी आहे. पुल सॉसाठी वेगळा हुक करा ज्यात वरची पट्टी तुमच्याकडच्या बाजूला आहे आणि खालची पट्टी बेंचच्या पलीकडच्या कडेला अडकते, किंवा खालची पट्टी सरळ वाइसमध्ये पकडा.

काप काटकोनात येत नाही म्हणून लोक पट्टी काढतात, गुण्या लावतात, परत चिकटवतात, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. आधी नखाने तो कोपरा खरवडून बघा जिथे वरची पट्टी आणि तळाची फळी मिळतात. तिथे भुसा दाबून दाबून पुट्टीसारखा कडक झालेला असतो, लाकूड पट्टीला टेकतच नाही, भुशाला टेकतं, तेही एका टोकाला जास्त. पट्टी चिकटवायच्या आधी तिच्या खालच्या काठाला रंध्याने २-३ मिमीचा उतार द्या, भुसा त्या फटीत जातो आणि लाकूड पट्टीला टेकतं. हा उतार नसलेला हुक मी कोणाकडे बघितला की आधी हेच करायला सांगतो, बाकीचं नंतर बोलू. पट्टी आधीच चिकटवलेली असेल तर करवतीने त्याच कोपऱ्यात एक बारीक चर पाडला तरी भागतं.

पट्टी लावताना लोखंडी स्क्रू करवतीच्या वाटेत नकोत, एकदा दात लागला की धार गेली. फेव्हिकॉल आणि बांबूच्या खुंट्या पुरतात. लाकूड घसरतंच असेल तर पट्टीच्या तोंडाला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, भुशाने भरला की सोलून नवीन. आणि हुकच्या जाडीचा एक सुटा ठोकळा कायम जवळ असू द्या, लांब फळीचं दुसरं टोक लटकत राहिलं तर कुठलाच हुक काटकोन देणार नाही.

वाइसमध्ये एका बाजूला पकडलं की सटकतं

जबडा वाकडा होतो, दुसरं काही नाही. जेवढ्या जाडीचं लाकूड, तेवढ्याच जाडीचा तुकडा जबड्याच्या दुसऱ्या टोकाला. प्लायच्या पट्ट्या ६, १२, १८ अशा एका खिळ्यावर ओवून ठेवल्या की हवी तेवढी जाडी जमवता येते. जबड्याला आतून चामडं, नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

पाचर लावलेले जिग

फळी कडेवर उभी करून रंधायला पाचरवाला खाचेचा जिग बरेच जण करतात. पाचर सुटते त्याची कारणं दोनच, उतार जास्त आहे किंवा तिला वॅक्स लागलंय. ६ इंचाला १ इंच ते ८ इंचाला १ इंच एवढाच उतार ठेवा. ३ ला १ केलात तर रंध्याच्या थरथरीने ती मागे येणारच. आणि रंधा मारायची दिशा अशी हवी की फळी पाचरीला आत ओढेल, बाहेर ढकलणार नाही. बऱ्याच जणांचा जिग फक्त उलटा ठेवलेला असतो.

शूटिंग बोर्ड

शूटिंग बोर्ड म्हणजे फळीचं टोक काटकोनात रंधायचा जिग, फळी आडव्या पट्टीला, म्हणजे फेन्सला टेकवायची आणि रंधा कुशीवर ठेवून टोकावरून चालवायचा. इथे थोडं सावकाश, कारण काटकोन येत नाही म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि लोक दोन्हीला एकच उपाय करतात. गुण्या फळीच्या जाडीवर लावा. तिथे प्रकाश दिसला तर पातं रंध्याच्या तळाशी समांतर नाहीये, लॅटरल लीव्हर (पात्याच्या मागची, पातं डावी-उजवीकडे कलवणारी दांडी) हलवा, बोर्डला हात लावू नका. रंध्याची बाजू तळाशी अगदी काटकोनात नसते, त्याचंही पात्यानेच भागतं. जाडीवर ठीक आहे पण रुंदीवर तिरकं येतंय, तर मग फेन्स.

फेन्स किती चुकलीय हे गुण्याने नीट कळत नाही, स्वस्त गुण्या स्वतःच बरोबर असेल याची खात्री काय. दोन फळ्या घ्या, दोघींची एकच कड फेन्सला लावून टोकं रंधा. मग एक सरळ पट्टी ठेवून दोघींच्या त्याच कडा पट्टीला लावा, एक फळी पुस्तकाच्या पानासारखी उलटवा म्हणजे रंधलेली टोकं समोरासमोर येतील, आणि भिडवा. जी फट दिसेल ती चुकीच्या दुप्पट आहे, म्हणून डोळ्यालाही दिसते. फट पट्टीपासून लांबच्या बाजूला उघडत असेल तर कोन ९० पेक्षा कमी आहे, पट्टीपाशी उघडत असेल तर जास्त.

दुरुस्तीसाठी फेन्स उखडू नका. फेन्सच्या तोंडावर ८-१० मिमीची एक सुटी पट्टी दोन स्क्रूने लावा आणि फेन्स आणि या पट्टीच्या मध्ये कागद घाला. कोन कमी असेल तर कागद रंध्याच्या बाजूच्या टोकाला, जास्त असेल तर लांबच्या टोकाला. साधा प्रिंटरचा कागद साधारण ०.१ मिमीचा असतो, फेन्स २५० मिमी लांब असेल तर एका कागदाने १०० मिमी रुंद फळीवर सुमारे ०.०४ मिमीचा फरक पडतो, म्हणजे फार बारकाईने जुळवता येतं. रंध्याच्या बाजूचं सुट्या पट्टीचं टोक लाकडाच्या मागे पूर्ण आधाराला हवं, नाहीतर फळीची मागची कड फुटते. तरी फुटत असेल तर आधी मागच्या काठाला पटाशीने छोटा उतार घ्या. आणि हे सगळं करायच्या आधी पात्याला धार लावा, बोथट पातं आडव्या रेषांवरून सरकून बाहेर ढकललं जातं आणि दोष फेन्सला जातो.

दरवर्षी जून-जुलैमध्ये मार्चमध्ये बरोबर असलेला बोर्ड बिघडतो, हे आपल्याकडचं खास दुखणं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवा ८०-९० टक्के दमट असते तेव्हा लाकडातला ओलावा १५ ते २० टक्क्यांकडे जातो, आणि विदर्भात एप्रिलमध्ये तेच लाकूड ६ टक्क्यांवर येऊ शकतं. सागवान तसं शहाणं लाकूड, तरी ओलाव्यात १० टक्क्यांचा फरक पडला तर ६ इंच रुंद आडव्या कापाची (फ्लॅट-सॉन) फळी पावणेतीन मिमीच्या आसपास फुगते, म्हणजे जवळजवळ एक सूत. लांबीने मात्र नगण्य. म्हणून शूटिंग बोर्डचा तळ अखंड फळीचा असेल आणि फेन्स त्यावर आडवी चिकटवली असेल तर तळ फुगायला बघतो, फेन्स त्याला धरून ठेवते, आणि बोर्ड वाटीसारखा होतो नाहीतर सांधा सुटतो. तळ चांगल्या १२-१८ मिमी प्लायचा घ्या, स्वस्तातला आधीच वाकलेला नको. फेन्स सागाची, पण उभ्या रेषांच्या कापाची (क्वार्टर-सॉन, टोकाला रेषा उभ्या दिसतात ती), ती आडव्या कापाच्या निम्म्याहून कमी हलते. ज्यांच्याकडे अखंड फळीचा तळ झालाच आहे त्यांनी फेन्सला फेव्हिकॉल फक्त रंध्याच्या टोकाला ठेवावं आणि दुसऱ्या टोकाला स्क्रूचं भोक लांबट करावं, म्हणजे तळाला हलायला जागा मिळते.

जिग बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते आणि एकच बाजू पाणी पिते. आतल्या भिंतीवर खिळ्याला लटकवा, दोन्ही बाजूंनी हवा लागेल. फिनिश करायचं तर दोन्ही बाजूंना सारखं, फेन्सचं तोंड आणि हुकची पकडायची बाजू सोडून. जून आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा तो दोन फळ्यांचा तपास करा, आणि मध्ये कागद घातला तर त्यावर पेन्सिलने महिना आणि टोक लिहून ठेवा, ऑक्टोबरमध्ये बहुतेक वेळा तोच कागद काढायचा असतो.